झरा नसलेले पाणी

पाण्याविषयीचे आपले पिढीजात शहाणपण जिवंत पाण्यावर पोसलेले आहे. नदी, ओढा, पाट यांतले पाणी वाहते असते. विहिरीलाही तळाशी झरा असतो. त्यामुळे पाणी पुन्हा नवे होते, ही आपली जवळजवळ श्रद्धाच आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या परिसरात घरामागे तरणतलाव सांभाळताना ही श्रद्धा आम्हांला बाजूला ठेवावी लागली. या हौदाला झरा नाही. उन्हाळ्यात रोज सुमारे पाव इंच पाणी उडून जाते. पण उडते ते केवळ पाणी. क्षार मागे राहतात, आणि भर घालायचे ते नळाचे पाणीही इथे जडच असते. तलाव राखण्यातल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्याने होतात, असे आमचे मत झाले आहे.

पहिली चूक डोळ्यांची. नितळ पाणी म्हणजे निर्मळ पाणी, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक नितळपणा हे पंप आणि फिल्टर यांचे काम, तर जंतू मारणे हे क्लोरीनचे. तळाची फरशी स्वच्छ दिसत असतानाही पाण्यात क्लोरीन शून्य असू शकते. शेवाळ दिसू लागले म्हणजे ही अवस्था येऊन काही काळ लोटला, असे समजावे.

दुसरी चूक नाकाची. उग्र वास आला की "औषध जास्त झाले" असे म्हणून लोक क्लोरीन कमी करतात. हा वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीन संयोग पावला की क्लोरामाइन तयार होते. म्हणजे मोकळे क्लोरीन पुरेनासे झाले आहे. उपाय नेमका उलटा हवा.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. पाण्याचा पीएच न पाहता क्लोरीन ओतत राहणे व्यर्थ असते. पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा भाग प्रभावी रूपात असतो; तो ८ वर गेला की जेमतेम पाव उरतो. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा, आणि आधी तो पाहून मगच बाकीचा विचार करावा.

चौथी चूक सोयीतून येते. तरंगत्या डबीत ठेवायच्या ट्रायक्लोर गोळ्या क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही सोडतात. दशलक्षात १० भाग क्लोरीन मिळाले, की सुमारे ६ भाग हे आम्ल पाण्यात वाढते. थोड्या प्रमाणात ते उपकारकच, कारण त्यावाचून कडक ऊन काही तासांत क्लोरीन नष्ट करते. पण ते उडून जात नाही. साचत साचत ते इतके वाढते की क्लोरीन असूनही मंदावते. मग थोडे पाणी उपसून नवे भरण्यावाचून गत्यंतर नसते. उपसा हवाच, हे विहिरीचे जुने ज्ञान इथे वेगळ्या वाटेने परत येते.

या चुकांनी पाणी बिघडते. पुढच्या दोन चुकांनी माणूस जातो. महाराष्ट्रात ग्रामपंचायती विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्याच कुळातली कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी इथे घरोघरी असते. ती आणि ट्रायक्लोर एकत्र आली, अगदी एकच माप दोहोंना वापरले, तरी आग लागू शकते. आम्ल आणि क्लोरीनची औषधे मिसळली तर विषारी वायू निघतो. १९०८ साली जर्सी सिटीचे पिण्याचे पाणी शुद्ध करू लागलेले क्लोरीनच २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडले गेले, याची आठवण औषधांच्या कपाटाशी उभे राहताना असावी. औषध नेहमी पाण्यात घालावे. औषधावर पाणी ओतू नये.

आणि शेवटची चूक कुंपणाची. बांधीव विहिरीला कठडा असतो; तलाव जमिनीशी समपातळीत, नितळ, निळा आणि मुलांना बोलावणारा. अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे. बुडणारे मूल बहुधा हाक मारत नाही. म्हणून तलावाच्या चारही बाजूंनी किमान ४ फूट उंच कुंपण हवे. घराची भिंत ही त्यातली चौथी बाजू मानू नये, कारण त्या भिंतीतच मुलाचे दार असते. फाटक आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे असावे.

आम्ही रोज सूर्यास्तानंतर पाणी तपासतो, आकडे वहीत टिपतो, आणि लागेल तेवढेच औषध घालतो. काम दहा मिनिटांचे. ते झाले की परतताना फाटक एकदा हाताने ओढून पाहतो. कडीवरही विश्वास ठेवायचा नाही, असे आमच्या घरी ठरले आहे.