अब्बांची जवारी आणि माझे सर्किट

मी मिरजेतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एस्सी., बी.एड. झालो, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली आणि मग कायम झालो. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच. अब्बा तंबोऱ्याचे कारागीर. सतारमेकर गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात बसून त्यांनी चाळीस वर्षे जवारी लावली.

जवारी म्हणजे काय, हे मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. तंबोऱ्याची तार ज्या तुकड्यावरून जाते तिला घोडी म्हणतात. घोडीची पाठ सपाट नसते, तिला किंचित उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकत-सुटत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर झणझणू लागतात. हा उतार कानशीने काढायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. उतार चुकला तर आवाज मरतो किंवा फाटतो. याला मोजपट्टी नाही. कान हीच मोजपट्टी.

पंधराव्या वर्षी अब्बांनी माझ्या हातात कानस दिली होती. शिसवीची घोडी होती, एका गिऱ्हाईकाच्या तंबोऱ्याची. मी दोन हात जास्त मारले. अब्बांनी तार चढवून एकदा छेडली आणि काही न बोलता माझ्या हातातून कानस काढून घेतली. म्हणाले, "जा, पढ. ये तेरे बस का नहीं."

मी शिकलो. पण ते वाक्य पुढची वीस वर्षे माझ्याबरोबर राहिले.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा घरी आला. सांगलीला कॉलेजात शिकतो. कुणाकडून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. म्हणाला, "मामू, फझ पेडल पाहिजे. बाहेरचं लई महाग आहे. तुम्ही सायन्स शिकवता ना, बनवून द्या." शिक्षकाला असे आव्हान कुणी देऊ नये. मी हो म्हणून बसलो आणि मग फझ म्हणजे काय ते शोधू लागलो.

शोधताना कळले की हा आवाज मुळात एका बिघाडातून जन्मला. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे १९६१ साली आले. नॅशविलच्या स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज घोगरा, फाटका आला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना आवडला. मग तिथलेच ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज देणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले आणि १९६२ साली 'माइस्ट्रो फझ-टोन' नावाचे पेडल बाजारात आले. १९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' निघाले. गोल डबीतले हे पेडल जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली गेले आणि जगभर पोचले.

मी फझ फेस निवडले, कारण त्याचे सर्किट इतके लहान आहे की दहावीच्या मुलाला वहीच्या अर्ध्या पानावर काढता येईल. दोन ट्रान्झिस्टर, चार रोध, तीन कपॅसिटर आणि दोन फिरवायची बटणे. एकूण अकरा भाग. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. काम असे की गिटारमधून येणारा अगदी क्षीण विद्युत तरंग शेकडो पट मोठा करायचा. पण बॅटरी नऊ व्होल्टचीच. तरंगाचा माथा तिथे अडतो आणि कापल्यासारखा सपाट होतो. सपाट माथ्याच्या तरंगात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर आपोआप मिसळलेले असतात. ती खरखर म्हणजेच फझ.

अडचण ट्रान्झिस्टरची होती. जुन्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. आज सगळीकडे सिलिकॉन मिळते. पण आपल्याकडच्या जुन्या रेडिओत एसी १२८ नावाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर सर्रास असत. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनवत असे. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत. दुकान बंद झाले, पण माळ्यावर मेलेल्या रेडिओंचे खोके आहे. त्यांनी ते खोकेच माझ्यापुढे ठेवले. चार रेडिओ उकलून नऊ एसी १२८ मिळाले. बेसचा पाय मोकळा ठेवून कलेक्टरमधून किती प्रवाह गळतो ते मोजले. जर्मेनियममध्ये ही गळती असतेच, आणि ती धरली नाही तर मीटर वाढीचा आकडा खोटा दाखवतो. नऊपैकी सहा फार गळके निघाले. कामाचे तीन. म्हणजे एका पेडलचे दोन आणि वर एक.

उरलेले भाग सांगलीत मिळाले. डब्याचा प्रश्न बायकोच्या ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्याने सुटला. धातूचा डबा लागतो, नाहीतर घरातल्या विजेची गुणगुण आवाजात शिरते. हे मी तिला समजावून सांगितले. तिला ते पटले असे म्हणता येणार नाही.

या उद्योगात एक गोष्ट मनाला लागली. वर्गात मी जर्मेनियमला 'नीम मूसिल' म्हणतो. मराठी पुस्तकात तो 'अर्धवाहक' आहे, दुकानात 'सेमीकंडक्टर'. रोधाला आम्ही 'मुजाहमत' म्हणतो, दुकानदाराकडे तो शब्द कुणाला कळत नाही. माझी मुले दहावीनंतर बाहेर पडतात तेव्हा त्यांना येत असलेल्या गोष्टीसुद्धा येत नाहीत असे वाटू लागते, कारण नावे बदललेली असतात. म्हणून सर्किट पुरे झाल्यावर मी ते नववीच्या वर्गात नेले. फळ्यावर तिन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली आणि प्रत्येक भाग मुलांच्या हातात दिला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वाचनात कायम मागे, त्याने रोधावरचे रंगाचे पट्टे पाहून किंमत बरोबर सांगितली. ३३ किलोओहम. त्या मुलाकडे मी आजवर वेगळ्या नजरेने बघत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

स्टाफरूममध्ये एकाने टोमणा मारला, "सर, आता गिटारसुद्धा?" मी हसून सोडून दिले. मिरजेत हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन यावे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, ते तिथेच विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाणे होते. आमच्या गल्लीचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ते सतारी-तंबोरे बनवू लागले. त्या हातांनी धार सोडली आणि सूर धरला. याहून मोठी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

पेडल मार्चमध्ये पुरे झाले होते आणि चांगले वाजत होते. मे महिन्यात भाचा ते न्यायला आला, तर भर दुपारी त्याने गिटार छेडली आणि आवाज तुटक-तुटक येऊ लागला. स्वर सुरू होई आणि मध्येच घशात अडकल्यासारखा मरून जाई. मी सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. बॅटरी बदलली. काही फरक नाही.

अब्बा आतल्या खोलीत पडले होते. गेली चार वर्षे त्यांचा हात कापतो, कानस सुटली आहे. माझ्या या कामाबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. कारण मला माहीत होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. पुढे तो घरोघर, क्लासोक्लास गेला. बटण दाबले की सूर चालू, ना भोपळ्याची काळजी ना तारेची. आमच्या गल्लीतली किती दुकाने त्यामुळे बारीक झाली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आता त्यांचाच मुलगा घरात सर्किट जोडत बसला होता.

ते उठून दारात आले. भाच्याला म्हणाले, "फिर से बजा." त्याने वाजवले. अब्बा डोळे मिटून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "आवाज खुलनेसे पहलेच मर रा. धागा थोडा सरका."

मी म्हणालो, "अब्बा, इसमें धागा नहीं है."

"कुछ तो होगा. सुबह अच्छा बजता था ना? तंबोरा भी ऐसाच करता. सुबह मिलाओ, धूप चढी के उतर जाता."

मी मीटर लावला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारे साडेचार व्होल्ट असायला हवे, निम्मे खाली, निम्मे वर. मीटर साडेसातच्या पुढे दाखवत होता. उन्हाने जर्मेनियमची गळती वाढली होती आणि सगळा तोल एका बाजूला गेला होता. अब्बांनी मीटर न बघता तेच सांगितले होते. मी ८.२ किलोओहमचा पक्का रोध काढला आणि त्या जागी पेचकसाने फिरवता येणारा प्रीसेट बसवला. भाचा तार छेडत राहिला, मी प्रीसेट फिरवत राहिलो.

"और थोडा. नको, जादा हुआ. पीछे ले. बस."

मी मीटर पाहिला. चार पूर्णांक सहा.

मुलांना मी सांगत असतो की दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एक होत नाहीत. जवारी आणि फझ एक नाहीत. फझमध्ये तरंगाचा माथा कापला जातो, जवारीत तार स्वतःच घोडीच्या उतारावर खेळते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवले होते की नियमाप्रमाणे जे उपस्वर येऊच नयेत, तेही या वाद्यांत घोडीमुळे येतात. मात्र दोन्हींत कोरड्या स्वराला वरचे स्वर देऊन भरायचे असते, आणि दोन्हींत तो भरणे व फाटणे यांच्यामध्ये केसाएवढे अंतर असते. ते केस ओळखणारा कान अब्बांचा होता. मी शिकून मीटर घेतला होता.

रात्री जेवताना मी धीर करून ती जुनी गोष्ट काढली. घोडी, कानस, आणि ते वाक्य. अब्बांना ते वाक्य आठवतच नव्हते. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "उस साल तीन महीने मजुरी नहीं मिली थी. तुझे वहाँ बिठाता तो क्या खाता तू?" आणि ताटात हात धुऊन उठले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत आनंद झाला, मलाही झाला. पण त्या कागदाला जवारी लावता येत नाही. ती लावणारे हात गल्लीत आता थोडे आहेत, आणि त्यातले दोन आमच्या घरात कापत आहेत.

गेल्या पावसाळ्यापासून मी रविवारी अब्बांपुढे कानस घेऊन बसतो. ते हात लावत नाहीत, नुसते ऐकतात आणि सांगतात. आतापर्यंत चार घोड्या बिघडवल्या. पाचवीला तार चढवली तेव्हा अब्बा म्हणाले, "थोडी बंद है." चारदा ते काहीच बोलले नव्हते.

तिसरा एसी १२८ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नववीतल्या त्या मुलाने तो मागितला आहे. जोडीदार मिळाला की देईन म्हणालो आहे. माळ्यावरच्या त्या खोक्यात अजून दोन रेडिओ बाकी आहेत.