पुन्हा कौल घ्यावा का?

मंडळी, देशाला दुभंगणाऱ्या प्रश्नावर जनतेचा कौल एकदाच घ्यावा की पुन्हा पुन्हा? १९६७ सालची दोन उदाहरणे पाहू.

१६ जानेवारीला गोवेकरांना विचारले गेले: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. काही आठवड्यांतच विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकर निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. पण कौल पुन्हा घेतला गेला नाही. १९८७ साली गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिकोने आपल्या भवितव्यावर मतदान केले. २०२४ पर्यंत असे सात कौल झाले. प्रश्न तसाच आहे, कारण तो निकाल मानण्याचे बंधन वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसवर नाही.

मी रसायनशास्त्राचा माणूस. प्रयोग पुन्हा करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. पिढी बदलली की लोकांनाही पुन्हा विचारावे. मात्र निकाल पाळण्याचे वचन आधी हवे. हरलेल्यांची हौस म्हणून नको.

गोवा महाराष्ट्रात आलेला मला आवडला असता. तरीही दिल्लीने तो कौल मानला, हेच योग्य झाले. तुमचे मत वेगळे असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.