घोडीची सोयरीक

घोडीसाठी घोडा बघणे आणि मुलीसाठी स्थळ बघणे यांची तुलना करू नये. माणूस म्हणजे जनावर नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात ही दोन्ही कामे एकाच वेळी निघाली. तेव्हापासून जनावराच्या बाबतीत माणसे जितकी खरे बोलतात, तितकी माणसाच्या बाबतीत का बोलत नाहीत, हा प्रश्न आमची पाठ सोडीना. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. नोकरीमुळे जर्मनीत आलो आणि उत्तरेकडच्या लोअर सॅक्सनी प्रांतात, फर्डन गावाजवळच्या एका खेड्यात स्थिरावलो. हा सगळा मुलूख घोड्यांचा. फर्डनला हॅनोव्हेरियन घोड्यांच्या पैदासकारांचा संघ आहे. जवळच त्सेले येथे सरकारी स्टड आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही शासक होता. त्याने 1735 साली तो काढला. शेतकऱ्यांच्या घोड्यांना चांगले नर मिळावेत, हा त्यामागचा हेतू. आमचे शेजारी शेतकरी सत्तरी ओलांडलेले. जन्मभर घोड्या पाळल्या, आता गुडघे गेले. आमची मुलगी त्यांच्या तबेल्यात लहानाची मोठी झाली. शेवटच्या घोडीची अर्धी मालकी त्यांनी आमच्याकडे दिली. दफ्तरी तिचे नाव बापाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवलेले आहे, तशी इथली रीतच आहे. पण मुलगी तिला बानू म्हणते आणि ती त्याच नावाला ओ देते.

बानू वॉर्मब्लड. याचा रक्ताच्या तापमानाशी काही संबंध नाही. अरबी आणि थरोब्रेड हे तापट, चपळ घोडे म्हणजे 'गरम रक्ता'चे. नांगर-गाडी ओढणारे भारी, शांत घोडे 'थंड रक्ता'चे. दोन्हींच्या मधला, खोगिराखाली चालणारा घोडा तो वॉर्मब्लड. गाडीला जुंपायच्या जुन्या गावठी घोड्यांवर थरोब्रेड आणि अरबी नर घालून तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला गेला. थरोब्रेडचे मूळ शोधत गेले तर तेही आपल्याच बाजूला येते. त्या वंशाच्या तीन मूळ पुरुषांपैकी एक, डार्ले अरेबियन, हलब शहरात विकत घेतलेला होता. म्हणजे बानूच्या रक्तात कुठेतरी शामचे वाळवंट आहे. कुरआनातल्या सूरह अल्-आदियातचे नावच धावणाऱ्या घोड्यांवरून पडलेले. त्यामुळे घोडा आम्हाला परका वाटत नाही.

या घोड्यांचा एक मोठा उपयोग म्हणजे ड्रेसाज. बैठकीचा, पायाचा, लगामाचा बारीक इशारा मिळताच घोड्याने तालात पाऊल टाकायचे, जागच्या जागी दुडकायचे, तिरके चालायचे. 2023 साली हांग्झोच्या आशियाई खेळांत भारताच्या संघाने याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हा गावाकडून फोन आले होते, "तुमच्याकडचाच खेळ ना हा?"

तर बानूला फळवायचे ठरले. आम्हाला वाटले, आता घोडे बघायला निघायचे. शेजारीबाबांनी आधी घोडीच बाहेर काढली. अंगणात सपाट जागी उभी केली आणि मुलीच्या हाती कागद देऊन म्हणाले, "हिच्यातलं काय चुकतं ते लिही. चांगलं काय ते नंतर."

लाडक्या जनावराचे दोष लिहिणे सोपे नसते. तरी यादी झाली. पाठ जरा लांब. मागचे पाय अंगाखाली यायला उशीर करतात, त्यामुळे वजन मागे घ्यायला जड जाते. दुडकी बेताची. मग चांगले लिहिले. कदमचाल लांब, मोकळी आणि चार ठोक्यांत स्वच्छ. कँटर, म्हणजे तीन ठोक्यांची आवरलेली दौड, समतोल. स्वभाव सोन्यासारखा. बाबा म्हणाले, "दुडकी शिकवून सुधारता येते. कदमचाल आणि कँटर बरोबर घेऊनच यावं लागतं. ते हिच्याकडे आहे, ते घालवायचं नाही."

मग घोड्यांची पुस्तके उघडली. आता घोडीला नराकडे न्यावेच लागते असे नाही. थंड केलेले किंवा गोठवलेले वीर्य येते आणि डॉक्टर काम करतात. त्यामुळे निवड शेकडो घोड्यांतून करायची. जाहिरातीतला प्रत्येक घोडा दुडकीत पुढचे पाय कानापर्यंत उचलताना दाखवलेला. बाबा फोटोतले पुढचे पाय हाताने झाकायचे आणि मागचे बघायचे. म्हणायचे, "घोडा बघू नका, त्याची पोरं बघा. आणि पोरं बघताना कुठल्या आयांची आहेत तेही बघा." इथे संततीच्या कामगिरीवरून प्रत्येक नराचा अंदाजित आकडा काढतात. सरासरी 100 धरलेली. चालीचा वेगळा, स्वारी करायला सोपे जाण्याचा वेगळा. आमची मुलगी चालीचा आकडा बघायची, बाबा स्वारीचा. लांब पाठीच्या घोडीला फारच आखूड पाठीचा नर दिला की मधली पाठ मिळेल, हाही भ्रम त्यांनी मोडला. शिंगरू दोन टोकांपैकी एखादे उचलू शकते. दोषाच्या उलटा दोष शोधायचा नाही, ती गोष्ट जिथे नीट आहे असा घोडा शोधायचा.

सर्वांत नवल वाटले ते नराच्या परीक्षेचे. सुमारे अडीच वर्षांचे निवडक नर संघाच्या परीक्षकांपुढे आणतात. खूर, सांधे, पाय, पाठ बघतात, मोकळे पळवतात, हाडांचे एक्स-रे मागतात. पास झाला तरी पुढे खोगिराखालची परीक्षा असतेच. नापास झालेले बहुतेक नर खच्ची होतात आणि स्वारीचे घोडे म्हणून सुखाने जगतात. लंडन 2012 आणि रिओ 2016 या दोन ऑलिंपिकांत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा व्हॅलेग्रो खच्चीच होता. त्यानंतरच्या दोन्ही ऑलिंपिकांत, म्हणजे 2021 मध्ये झालेल्या टोकिओच्या आणि 2024 च्या पॅरिसच्या, ते सुवर्ण दालेरा नावाच्या एका घोडीने नेले. अरबस्तानातले बदाऊनही घोड्याचे घराणे आईवरून सांगत. शिंगराचा निम्मा वारसा घोडीचा, आणि गर्भातले दिवस व दूध ही सगळी तिचीच. म्हणून घोडी आपली असते तेव्हा तिला नीट ओळखायचे, आणि नर परका असतो तेव्हा त्याचे सगळे कागद मागायचे. यात कुणाचा अपमान होत नाही.

कागदांत एक कागद नवा होता. वॉर्मब्लड घोड्यांत एक आनुवंशिक आजार आहे. त्यात शिंगराची कातडी कागदासारखी फाटते आणि सांधे सैल असतात. ते मेलेले जन्मते किंवा त्याला लगेच सोडवावे लागते. घोडीचा गर्भही पडू शकतो. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच हे घडते. एकाकडून आले तर जनावर नुसते वाहक राहते. धडधाकट असते, स्पर्धाही जिंकते. दोन वाहक एकत्र आले तर दर वेळी चारांत एक शिंगरू आजारी होण्याची शक्यता. या आजाराची चाचणी 2013 पासून मिळते, पण 2018 साली त्याची जाहीर चर्चा झाली तेव्हा लोक जागे झाले. साधारण दहांत एक वॉर्मब्लड वाहक असतो. आता नराचा निकाल त्याच्या माहितीत छापलेला असतो.

बानूच्या आयाळीचे मुळासकट केस उपटून पाकिटातून पाठवले. निकाल आला, बानू वाहक. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. बाबांनी खडू घेतला आणि तबेल्याच्या दारावर ते लिहून टाकले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. म्हणाले, "हा दोष नाही, ही माहिती आहे." मग यादीतले वाहक नर खोडले. त्यात मुलीचा पहिल्या पसंतीचा घोडा गेला. उरलेल्यांतून एक वयस्क नर ठरला. जाहिरात साधी, दुडकी भडक नाही. पण मागचे पाय कामसू, पोरे शहाणी, आणि निकाल स्वच्छ.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. आमच्या थोरल्या आपांच्या मुलीचे आमच्याच भाईजानांच्या मुलाशी ठरवत होते. सगळे आनंदात. "घरची मुलगी घरात. खानदान विचारायचाच प्रश्न नाही," आपा म्हणाल्या.

आम्हाला मात्र खालाचा मुलगा आठवला. तो दिवसेंदिवस पांढरा पडत जायचा. दर महिन्याला त्याला रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला रक्त चढवायला न्यायचे. गावात कुणी नजर म्हणाले, कुणी तावीज आणला. नऊ वर्षांचा होऊन तो गेला. थॅलेसेमिया हा शब्द आम्ही नंतर ऐकला. खाला आणि त्यांचे यजमान नात्यातलेच, दोघेही वाहक, दोघेही ठणठणीत. खाला म्हणजे आमच्या अम्मीची सख्खी बहीण. तेव्हा तेच जनुक अम्मीकडून आपांच्या किंवा भाईजानांच्या घरात आलेले असू शकत होते. हा आजार एका समाजाचा नाही; सिंधी, पंजाबी, लोहाणा कुटुंबांतही तो आहे. पण नात्यात लग्न झाले की एकाच आजीचा वारसा दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता वाढते, एवढे खरे.

आम्ही फोनवर म्हणालो, "आपा, निकाहआधी रक्त तपासून घेऊ."

पलीकडे शांतता. मग आपा म्हणाल्या, "मुलीचं रक्त तपासायला पाठवलं असं कळलं तर उद्या धाकटीला कोण मागणी घालील?" भाईजानांनी त्याच संध्याकाळी कळवले की मुलीकडच्यांची हरकत नसेल तर त्यांचीही नाही, म्हणजे मुलीची तपासणी करायला. मुलाचा विषयच नव्हता. मुलगी उंच आहे का, रंग कसा, चष्मा आहे का, सगळे बघून झालेले. मुलगा बघितला तो पगारापुरता.

तेव्हा आम्हाला फर्डनचे ते अडीच वर्षांचे नर डोळ्यांपुढे दिसले. आम्ही म्हणालो, "भाईजान, आधी मुलाचं तपासू. त्याचं स्वच्छ निघालं तर मुलाबाळांना तो आजार होण्याची भीती उरत नाही, मुलीला सुई टोचायचीही गरज नाही." भाईजान रागावले. वंशावर संशय घेता का, असे म्हणाले. वंशावर संशय नव्हताच. वंशाचा अभिमान तर आपल्या पैगंबरांनी अखेरच्या हजच्या खुतब्यातच मोडीत काढला. आम्ही जन्माला येणाऱ्या लेकराबद्दल बोलत होतो. इराणने 1997 साली आणि सौदी अरेबियाने 2004 साली निकाहपूर्व तपासणी सक्तीची केली. आमच्या कोकणातली निम्मी घरे आखातातल्या कमाईवर उभी राहिली. तिथला सोन्याचा भाव रोज विचारतात, ही गोष्ट मात्र कुणी आणली नाही. आणि सौदीतही निकाल वाईट आला म्हणून निकाहला बंदी नाही. माहिती देतात, निर्णय त्या दोघांचा.

भाईजानांचा मुलगा हे सगळे ऐकत होता. तो कुणाला न विचारता रक्त देऊन आला. साध्या तपासणीत लाल पेशी लहान दिसल्या, पुढच्या तपासणीत ए-टूचे प्रमाण जास्त. वाहक तोच निघाला. घरात दोन दिवस चूल जेमतेम पेटली. मग भाचीने स्वतः आपांना सांगितले की आता ती रक्त देणार, कुणाच्या दबावाने नाही, तिला कळायला हवे म्हणून. तिचा निकाल स्वच्छ आला. निकाह गेल्या शव्वालमध्ये झाला. त्यांच्या मुलांपैकी एखादे वाहक होईल, आजारी होणार नाही.

दोघेही वाहक निघाले असते तर? हा प्रश्न भाचीने आम्हाला विचारला. आम्ही म्हणालो, तर तुम्ही दोघांनी बसून ठरवले असते. वाट बदलायची, की गर्भाची तपासणी करत जायचे, हे डोळे उघडे ठेवून ठरवता आले असते. घोडीला निवड नसते, तिच्या वतीने आम्ही निवडतो. माणसाला निवड आहे. पण ज्याच्यापासून माहितीच लपवली, त्याची कबुली ती कसली?

आपल्याकडे खानदान विचारतात, आणि विचारावे. कोणत्या गावचे, कोणत्या मोहल्ल्याचे, सय्यद की शेख, हे विचारताना आवाज खणखणीत असतो. हाडामांसाचे, रक्ताचे विचारायची वेळ आली की तोच आवाज बसतो, आणि बसतो तोही मुलीच्याच दारात. निकाहच्या याद्या करायच्या आधी दोन्ही घरांनी एकेक साधी रक्ततपासणी करावी, मुलाच्या घराने आधी. त्याला लाज वाटण्यासारखे काही नाही.

हा मजकूर छापावा का, असे आम्ही भाईजानांच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "नाव घालू नका, पण वाहक मुलगा होता हे नक्की लिहा. नाहीतर लोक मुलीलाच समजतील."