गोल झाला... थांबा जरा!

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून ट्रेन पकडली की साधारण वीस मिनिटांत वुल्व्हरहॅम्प्टन. म्हणजे आपलं दादर ते अंधेरी समजा, फक्त बसायला जागा मिळते. युरोप ट्रिपचे फोटो टाकणाऱ्यांच्या यादीत हे गाव कधीच नसतं. मी तरी कशाला गेले असते? पण माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला आयटीत आहे. मूळचा कोल्हापूरचा. आणि कोल्हापूरच्या पोराला फुटबॉलचा नाद असणं म्हणजे पुणेकराला स्वतःचं मत असण्यासारखं आहे, त्यात विचारण्यासारखं काही नाही. २० ऑक्टोबर २०२४, रविवार. त्याच्या मित्राला ऐन वेळी जमलं नाही, तिकीट पडून होतं. ‘‘चल गं, तुला मोलिन्यू दाखवतो,’’ दादा म्हणाला. मँचेस्टर सिटी येणार होती. मी एका पायावर तयार!

गाव पहिल्या नजरेत प्रेमात पाडणारं नाही, खरं सांगते. लोखंड, कोळसा, कुलपं यांवर मोठं झालेलं कारखान्यांचं गाव, धुराडी गेली आणि थोडं उसासे टाकत बसलेलं. क्वीन स्क्वेअरला घोड्यावर बसलेला प्रिन्स अल्बर्ट आहे. कुणी कुणाला भेटायचं असेल तर ‘घोड्यावरच्या माणसापाशी ये’ म्हणतात, आपल्याकडे ‘पुतळ्यापाशी’ म्हणतो तसंच. भट्ट्यांमध्ये राबायला आलेल्या पंजाब्यांची इथे आता तिसरी-चौथी पिढी. बसवर ड्युटी करताना पगडी घालू द्या म्हणून इथल्या शीख ड्रायव्हरांनी साठच्या दशकात भांडण मांडलं आणि १९६९ मध्ये जिंकलं. आज मॅचला क्लबच्या सोनेरी रंगाच्या पगड्या दिसतात. आणि हो, केशरी चिप्स! पिठात बुडवून तळलेले बटाट्याचे जाडे काप, रंग थेट आपल्या भज्यांचा. बटाटाभजीची इंग्रज मावशीच म्हणा ना. एक पुडा घेतला, वरून व्हिनेगर मारलं, आणि सेंट पीटर्स चर्चच्या बाजूने उतारावर गर्दीबरोबर चालत सुटलो.

मोलिन्यू १८८९ पासूनचं. बाहेर बिली राइटचा पुतळा, देशासाठी शंभर सामने खेळणारा जगातला पहिला फुटबॉलपटू. दादा त्याच्यासमोर देवळात थांबावं तसा दोन सेकंद थांबला. मग सुरू झाला. १९५३ मध्ये इथे फ्लडलाइट्स लागले, तेव्हा ही नवलाईची गोष्ट होती. १३ डिसेंबर १९५४ ला त्या उजेडात हंगेरीचा होनवेद संघ आला, पुश्काशसकट. वुल्व्ह्ज ०-२ ने मागे, आणि चिखलात ३-२ ने जिंकले! लोकांनी घरी टीव्हीवर पाहिलं. पुढे जो युरोपियन कप सुरू झाला, त्यामागे या रात्रीचा वाटा मानतात. गावाचं ब्रीदवाक्यही अंधारातून उजेड येण्याबद्दलचंच आहे. सांगायचा मुद्दा, ‘या म्हाताऱ्या क्लबला नवीन तंत्रज्ञान झेपत नाही’ असं कुणी म्हणालं तर हसू येतं. ह्यांनी तर ते आधी आणलं होतं.

आणि तरीही व्हीएआर नको म्हणणारा क्लब हाच! व्हीएआर म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला सल्ला देणारे पंच. प्रीमियर लीगमध्ये ते २०१९-२० च्या मोसमात आले. बसतात मैदानात नाही, लंडनच्या पश्चिमेला स्टॉकली पार्क नावाच्या ऑफिस पार्कात. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, एवढ्यातच त्यांनी बोलायचं. वुल्व्ह्जच्या नशिबी पहिल्याच वीकएंडला आलं: लेस्टरविरुद्ध डेंडोंकरचा गोल सहकाऱ्याच्या हाताला बॉल लागला म्हणून रद्द, मॅच ०-०. पण सगळ्यात जास्त झोंबलं ते ६ एप्रिल २०२४ चं. वेस्ट हॅमविरुद्ध १-२ ने मागे असताना ९९ व्या मिनिटाला किलमनचं हेडर आत. गोल दिला. अख्खं मोलिन्यू एकमेकांच्या गळ्यात. मग रेफरी मॉनिटरकडे गेला आणि गोल गेला. कारण? शिरेवा नावाचा पोरगा ऑफसाइड जागेवर, गोलकीपरच्या नजरेआड येत होता म्हणे. मे महिन्यात क्लबने थेट व्हीएआर काढून टाकायचा ठराव मांडला. वीस क्लबांपैकी चौदा मतं हवी होती. ६ जूनला मतदान झालं: १९ विरुद्ध १. तो एक कोण, ते सांगायला नको!

लीगचं म्हणणं, मोठे निर्णय बरोबर येण्याचं प्रमाण ८२ वरून ९६ टक्क्यांवर गेलंय. आकडा भारी आहे. मी स्वतः क्रिकेटवाली, मला यात काय वाईट ते कळेना. १९९२ मध्ये डर्बनला सचिन थर्ड अंपायरने रनआउट दिलेला पहिला बॅट्समन ठरला, तेव्हापासून आपल्याला सवय आहे. डीआरएस आला की वानखेडेवर उलट मजाच येते. ‘‘अगं, क्रिकेट दर बॉलला थांबतंच,’’ दादा म्हणाला. ‘‘आणि तुला स्क्रीनवर सगळं दाखवतात. बॉल कुठे पडला, कुठे लागला. इथं काय दाखवत्यात? पाटी!’’

नॉर्वेत तर लोक पेटले होते. जुलै २०२४ मध्ये ट्रोंडहाइमला रोझेनबोर्गच्या मॅचमध्ये प्रेक्षकांनी चक्क फिशकेक आणि टेनिस बॉल मैदानात फेकले, मॅच गुंडाळावी लागली. फिशकेक! तरी मार्च २०२५ मध्ये तिथल्या फेडरेशनने व्हीएआर ठेवायचंच ठरवलं. स्वीडनमध्ये क्लबांची सत्ता सभासदांच्या हातात असते, त्यांनी २०२४ मध्ये सरळ नाही म्हटलं.

तर त्या दिवशीची मॅच. वुल्व्ह्जचे सात सामन्यांत मिळून एक गुण, तळाला. सातव्या मिनिटाला स्ट्रँड लार्सनने गोल मारला आणि माझ्या अंगावर मागून तीन अनोळखी माणसं पडली. नाद खुळा! फक्त दादा जागेवर उभा. तो लाइन्समनकडे बघत होता. फ्लॅग वर नाही ना, रेफरीचा हात कानाकडे नाही ना, बॉल मधल्या वर्तुळात गेला ना... मग ओरडला. तोवर बाकीचे ओरडून दमले होते. शाहू स्टेडियमवर छपरावर चढणारा हा माणूस. मला ते कुठेतरी टोचलं.

ग्वार्डिओलने बरोबरी केली. मग दीड तास मुंगीच्या पावलाने सरकला. ९५ वं मिनिट, सिटीचा कॉर्नर, स्टोन्सचं हेडर, गोल. स्टेडियम मेलं. आणि लाइन्समनचा फ्लॅग वर! बर्नार्डो सिल्व्हा गोलकीपर सा याच्यासमोर ऑफसाइड. एप्रिलसारखंच, फक्त या वेळी आपल्या बाजूने. यावेळी दादासुद्धा नाचला. शेजारच्या शीख काकांनी मला मिठीच मारली.

आणि मग स्क्रीनवर पाटी आली. गोल तपासत आहोत.

काय तपासत आहेत, कुणी सांगेना. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. पुढच्या रांगेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने वडिलांना काहीतरी विचारलं, त्यांनी नुसते खांदे उडवले. ‘‘काय बघायलाय एवढं?’’ दादा पुटपुटला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. व्हॉट्सॲप, कोल्हापूरहून, काकांचा मेसेज. ते घरी सोफ्यावर मॅच बघत होते.

‘ऑफसाइड नाही. सिल्व्हा वाकलाय. गोल देतील.’

आम्ही गोलपोस्टपासून हाकेच्या अंतरावर, आणि उत्तर आलं रंकाळ्याच्या काठावरून! रेफरी अजून मॉनिटरकडे निघतच होता. दादाने फोन खिशात टाकला आणि खाली बसला, बाकीचे तीस हजार उभे असताना. थोड्या वेळाने रेफरीने मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. १-२.

एक कबूल करायला हवं. परतीच्या ट्रेनमध्ये दादाच्या फोनवर रिप्ले पाहिला तर निर्णय मला बरोबरच वाटला. सिल्व्हा नजरेच्या रेषेतून खरंच बाजूला झाला होता. कदाचित एप्रिलचाही बरोबर असेल. ‘गोलकीपरच्या आड आला का’ या प्रश्नाला कॉम्प्युटरवर रेघ आखता येत नाही, तिथे माणसाचं मतच लागतं. फक्त ते मत आता दूरच्या खोलीतून येतं. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ऑफसाइडसाठी निम्मं-स्वयंचलित तंत्रज्ञान आलं, २०२५-२६ पासून रेफरी माइकवर कारणही सांगायला लागले. आमच्या रविवारी मात्र पाटीच होती.

दादाने काकांना फोन लावला. स्पीकरवर.

‘‘बरोबर होता रे निर्णय,’’ काका म्हणाले.

‘‘होय हो बाबा, बरोबर होता. पण तुम्हाला आधी कळला!’’

पलीकडे काका खो खो हसले. मग मावशीने फोन हिसकावून जेवलात का विचारलं. दादाने चिप्सचा गार झालेला पुडा माझ्यापुढे धरला आणि पुढच्या मॅचचं तिकीट कधी काढायचं ते बघायला लागला.