एका छताखाली, वेगळे

घटस्फोट झालेले दोघं नाइलाजानं एकाच फ्लॅटमध्ये राहायला येतात आणि शेवटच्या पानापर्यंत पुन्हा प्रेमात पडतात, अशा इंग्रजी कादंबऱ्या हल्ली ढिगानं निघतात. मी त्या आवडीनं वाचते. पण तेच दोघं नागपूरच्या रामदासपेठेत आणून बसवले, की गोष्ट पहिल्याच पानावर अडते. इथं जुने बंगले पाडून स्कीम उभ्या राहिल्या, दवाखाने वाढले, भाडीही वाढली. घर बघायला गेलं की मालक आधी विचारणार, "फॅमिली की बॅचलर?" या दोघांनी काय सांगायचं?

गंमत म्हणजे 'एका छताखाली, पण वेगळे' हे आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. परस्परसंमतीनं घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. दोघं किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावेत, ही तिची अट. वेगळे म्हणजे कुठे? सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, की इथं जागेचा प्रश्नच नाही. परिस्थितीमुळे एकाच घरात असूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल, तर तुम्ही वेगळेच.

गुलजारांच्या 'इजाजत'मध्ये (१९८७) असे दोघं स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भेटतात. एक रात्र कुणीही शहाण्यासारखं वागेल. नागपूरचा मे महिना काढून दाखवावा! पारा पंचेचाळीसवर, कूलर एकच, तोही हॉलच्या खिडकीत. दुपारी टाकी कोरडी पडते, ताट्यांतून गरम वारा येऊ लागतो. पाइप लावायचं काम लग्नात कुणाचं होतं आणि त्यावरून किती भांडणं झाली, हे दोघांनाही पाठ आहे. आता त्यानं न सांगता पाइप लावला, तर तिनं काय समजायचं? उपकार, जुनी सवय, की भाड्यातला वाटा?

माझ्या लेखी खरी कादंबरी इथं आहे. गैरसमज मिटण्याची प्रकरणं मी भराभर उलटते. कितीतरी लग्नं माणूस नीट समजल्यावरच मोडतात. म्हणून पुन्हा एकत्र येणाऱ्यांना फार मोठा विचार करावा लागत असणार. कायद्यातही सोपी वाट नाही. न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा, हुकूम कोर्ट मागे घेऊ शकतं. अंतिम झालेला घटस्फोट मात्र नुसत्या समेटानं पुसला जात नाही. त्याच माणसाशी नव्यानं लग्न लावावं लागतं.