लॅबमधला पहिला निरोप

नव्वदच्या दशकात सोलापुरात इंजिनिअरिंगला असलेल्यांना संगणकाची लॅब आठवते ती दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगासकट. आत एसीचा गारवा, नि हिरव्या अक्षरांचे मॉनिटर. लॉगिन केलं की नॉवेल नेटवेअर म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग’, आणि पुढं आपलं लॉगिननाव. जेवणानंतर त्याचंच ‘गुड आफ्टरनून’ व्हायचं. वेळ पाहून बदलणारी ही ओळ नेटवेअरच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये मुळातच असे. आमच्या लॅबमधल्या सरांनी मात्र तिच्याखाली स्वतःच्या ओळी घातल्या होत्या, रोमन लिपीतल्या मराठीत: तुमच्या फाइली एफ ड्राइव्हवर आहेत. फ्लॉपी आधी व्हायरससाठी तपासा. प्रिंटर आज बंद. अडलं तर हाक मारा. उठताना लॉगआउट करा. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरातून आलेली, कीबोर्डला पहिल्यांदाच हात लावणारी मुलं त्या ओळी वाचून सावरायची. सर त्या दर सोमवारी बदलत, म्हणून आम्हीही दर सोमवारी वाचत असू.

युनिक्समध्ये हे काम ‘एमओटीडी’ नावाची साधी मजकुराची फाइल करते. ती आजच्या लिनक्समध्येही आहे. पण उबंटूच्या सर्व्हरवर शिरा: स्वागताच्या ओळीखाली सिस्टीम लोड, मेमरीचा टक्का, आयपी पत्ता, राहिलेले अपडेट. डेबियन तर पहिल्याच भेटीत ‘कसलीही हमी नाही’ असं बजावतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला यातलं बरंच लागतं, ते असूच दे. पहिल्या वर्षाच्या मुलीला मात्र आपली फाइल कुठं गेली आणि विचारायचं कुणाला, हे त्यात सापडत नाही.

आणि आज तर असा निरोप लिहिणं सोपं आहे. टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी उमटते, कानडी-तेलुगूही लिहिता येतं. सोलापूरच्या घरांत या तिन्ही भाषा आहेत. सरावलेल्याला निरोप नको असेल, तर ‘हशलॉगिन’ची रिकामी फाइल त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवली की झालं. तिच्या नावाआधी टिंब मात्र हवं.

लॅब सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. नवी बॅच यायच्या आत ‘एमओटीडी’ची फाइल उघडा. पाचच ओळी लिहा, जास्त कुणी वाचत नाही. फाइली कुठं ठेवायच्या, ‘मॅन’ लिहून कमांडची माहिती कशी काढायची, बाहेर कसं पडायचं, एवढं पुरे. आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव आणि बसायची खोली नक्की लिहा.