कमिशनर कचेरीतलं टेबल

पोलिसांच्या आवारात बायकांसाठी मदतकेंद्र असावं, या कल्पनेला माझा कित्येक वर्षं विरोध होता. आता नाही. जुनं मत मी सभांमधून पुष्कळ तावातावाने मांडलेलं असल्यामुळे नवं मतही लिहून ठेवलेलं बरं.

विरोधाला कारण होतं. आमच्या पिढीची चळवळ उभी राहिली तीच मुळी पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचारावरून. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठाण्यातल्या दोन्ही आरोपी पोलिसांना शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं, ते हातोहात फिरलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. कुंपणानेच शेत खाल्लेलं आम्ही पाहिलं होतं. अशात 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तेव्हा आमच्यातल्या अनेकींना तो शहाणपणा वाटला नाही. मला तर मुळीच नाही.

दुसरी भीती समेटाची. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, त्याला दोन शब्द सुनवायचे, तिला ‘थोडं सांभाळून घे’ म्हणायचं आणि कागदावर सह्या घेऊन घरी पाठवायचं, हा ठाण्यातला जुना रिवाज. त्याला समुपदेशन म्हटलं की तो सभ्य दिसतो, एवढंच. म्हणून आपलं जाळं आपण बाहेर विणावं, असं मी म्हणायची. भाड्याची खोली, ओळखीच्या वकील, डॉक्टर मैत्रिणी, कायद्याच्या पुस्तिका, सरकारचा पैसा नको, पोलिसांचा चहाही नको.

हे मत एका दिवसात पालटलं नाही. आमच्या खोलीत येतं कोण, हे बघत गेले तसं ते ढिलं होत गेलं. यायच्या त्या बहुतेक शिकलेल्या, किंवा भाऊ, शेजारीण, शाळेतल्या बाई सोबत असलेल्या. बाकीच्यांना ‘कुठे चाललीस?’ या प्रश्नाला उत्तर नसायचं. पुस्तिका घरी नेता येत नव्हती, कारण ती सापडली की त्यावरून मार. पुढे मोबाइल आले, पण तोही आधी नवऱ्याच्या हातात.

आणि नवऱ्याला आम्ही पाठवलेलं पत्र? तो ते फाडायचा. पोलीस आयुक्तालयाच्या आवारातून पत्र गेलं की इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर व्हायचा. मला याचा राग यायचा, अजूनही येतो. पण त्या रागाने बाईचं काम होत नव्हतं.

सगळ्यात जास्त मला वळवलं ते स्त्रीधनाने. स्त्रीधन बाईचं, हे आम्ही भाषणात सांगायचो आणि ते खरंच आहे. पण ते कपाटातून काढून आणायचं कोणी? घराबाहेर काढलेली बाई अंगावरच्या साडीनिशी निघालेली असते. सोनं राहू द्या, तिला आधी हवा असतो मुलाचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, औषधाची चिठ्ठी. विशेष कक्षाचं काम बघितलेल्या कुणालाही विचारा. तिथली कार्यकर्ती बाईसोबत बसून यादी करते, पोलिसांची सोबत मिळवते आणि सासरच्या दारात उभी राहून एकेक वस्तू वाचून मागते. तिच्या मागे खाकी गणवेश असतो म्हणून दार उघडतं, आणि ती स्वतः खाकीत नसते म्हणून बाई तिच्याशी बोलते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात, हे मला बाहेरच्या खोलीत बसून कळलं नसतं. 2005 पासून राज्याच्या महिला व बालविकास खात्याने हे कक्ष आपले मानून जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

असंच दुसरं दार रुग्णालयात उघडलं. 2000-01 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. दवाखान्यात जायला घरात कारण सांगावं लागत नाही. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या पाठीवरचे वळ परिचारिकेला दिसतात, आणि केसपेपरवर तारखेनिशी लिहिलेली जखम पुढे कोर्टात पुरावा म्हणून उभी राहते. आमच्या पुस्तिकेतलं कुठलं पान हे करणार होतं?

समेटाची भीती मात्र मी सोडलेली नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने सांगितलं की विवाहितेच्या छळाविरुद्धच्या 498 अ कलमाखालची तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे जावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक नको. म्हणजे आधी समुपदेशन, मग कायदा. त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांत अहमदनगरच्या महिला वकिलांची ‘न्यायाधार’ ही संस्था होती. 2018 मध्ये न्यायालयाने त्या समित्या मोडीत काढल्या. बाहेरच्या संघटना लागतात त्या यासाठी. आतलं टेबल तक्रारीच्या शेजारी हवं, तक्रारीच्या वाटेत आडवं नको. आणि त्या टेबलामागे बसणारी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, पोलिसांच्या हुकमाखाली नसलेली बाई हवी. काही ठाण्यांत अंमलदारच जोडप्याला पुढ्यात बसवून प्रवचन देतात, त्याला माझा विरोध पूर्वीइतकाच आहे.

वाचकांना एक काम सांगते. आपल्या जिल्ह्यात विशेष कक्ष कुठे आहे, तिथली किती पदं भरलेली आहेत, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी कोण आणि त्याच्याकडे आणखी कुठल्या कामांचा कार्यभार आहे, एवढं माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. उत्तर आलं की त्याची प्रत ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, मुलींच्या शाळेत लावा. अर्जाची फी 10 रुपये आहे.